नाव बुडवणारी बाई

मावशीच्या कार्यालयातला परवान्याचा अर्ज ज्याने कुणी पहिल्यांदा छापला, त्याने दोन ओळी एकाखाली एक घातल्या होत्या: ‘नाव’ आणि ‘नावेचे नाव’. निम्मे नावाडी दोन्हीकडे स्वतःचंच नाव लिहीत. उरलेले पहिल्या ओळीत नावेचं लिहून दुसरी कोरी सोडत. एकदा सांगितलेलं पुन्हा कशाला? मावशी प्रत्येकाला समोर बसवून सांगायची, “वरती तुम्ही, खालती ती.” एका म्हाताऱ्या नावाड्याने तिला विचारलं होतं, “आणि दोन्ही बुडाली तर?”

“एकेक करून बुडवा,” ती म्हणाली. “फाइल एकच आहे.”

ती जलवाहतूक कार्यालयात तपासनीस होती. आमच्याकडे नदी रुंद आणि संथ होते. पूल वरच्या अंगाला लांब, त्यामुळे पलीकडच्या गिरणीत, दवाखान्यात, शाळेत जाणारी माणसं नावेनेच जात. चाळीसएक लाकडी नावा होत्या. त्यांना परवाने देणं, दरवर्षी नावा पुन्हा तपासणं आणि एरवी धक्क्यावर उभं राहून नियम मोडणाऱ्याला पकडणं हे तिचं काम. पण नदीवर तिला कुणी तपासनीस म्हणत नसे. ती रेघबाई होती.

प्रत्येक नावेच्या बाहेरच्या अंगाला, कडेपासून ठरावीक अंतर खाली, ती पांढऱ्या रंगाची आडवी रेघ ओढायची. माणसं चढली की नाव खाली बसते. पाणी त्या रेघेला टेकलं की बस्स, त्यापुढे एकही माणूस नाही. नियमात ते अंतर सेंटिमीटरमध्ये होतं. नावाड्यांच्या बोलण्यात ते एक वीत चार बोटं होतं, आणि वीत मावशीची. ती आधी हाताने मापायची, मग टेप लावायची, आणि टेप प्रत्येक वेळी तिच्या हाताशी सहमत व्हायची. “सरकारने बाईंचा हात मोजून कायदा केलाय,” असं नावाडी म्हणत. तिच्या उजव्या हाताच्या नखांत पांढरा रंग कायम असे. कुणाच्या लग्नालाही ती तशीच जायची.

रेघ ओढली की पाहुणे यायचे. पाहुणे म्हणजे वाळूची पोती. दोन पोती मिळून एका माणसाचं वजन. नाव पाण्यात ढकलायची, त्यात पोत्यांच्या जोड्या ठेवत जायच्या, आणि पाणी रेघेला टेकलं की जोड्या मोजायच्या. तो आकडा परवान्यावर चढायचा: ‘नावाड्यासह चौदा’, ‘नावाड्यासह अकरा’. नावाड्यांना या पाहुण्यांचा भारी राग. खात नाहीत, पीत नाहीत, बोलत नाहीत, आणि उचलून ठेवल्याशिवाय उठतही नाहीत.

पाणी रेघेच्या वर गेलेलं दिसलं, की मावशी परवाना-वहीत लाल शाईने शेरा लिहायची. एका वर्षात तीन लाल शेरे झाले की परवाना निलंबित, नावेला सील, आणि पुढे सुनावणी. सुनावणीत नावाड्याचं ऐकून घेत, पण तिथून परवाना परत घेऊन आलेला माणूस मी तरी पाहिला नव्हता.

ती शेरा लिहिताना कधी ओरडायची नाही. धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर बसायची, मान इतकी खाली न्यायची की गाल पाण्याला लागेल, आणि एक डोळा मिटून रेघेच्या पातळीत बघायची. मग उठून, गुडघे झटकून म्हणायची, “गेली.” एवढंच. ज्याची गेली त्याला कळायचं. तिने कधी कुणाकडून साधा चहा घेतला नाही. घरून बाटली न्यायची आणि धक्क्यावर सगळ्यांच्या देखत प्यायची.

तीन वर्षांपूर्वी तिने कार्यालयाला एक सूचना केली होती. तोवर तपासणी वर्षभर, जमेल तशी चाले. चालू नाव थांबवायची, उतारू खोळंबायचे, भांडणं व्हायची. मावशीचं म्हणणं, उन्हाळ्यात सगळ्या नावा डागडुजीसाठी दोन-दोन महिने काठावर ओढलेल्या असतातच. डांबर लावून झालं की त्या पाण्यात सोडायच्या दिवशीच एका ओळीत सगळ्यांची तपासणी उरकावी. ना खोळंबा, ना कटकट. वरच्या कार्यालयाला ते इतकं पटलं की तिला प्रशस्तिपत्र मिळालं. साहेबांनी ते चौकटीत घालून तिच्या टेबलामागे लावलं. त्या वर्षापासून पाणी रेघेच्या वर गेलेल्या नावांची संख्या वाढली, आणि अहवालात त्याचंही कौतुक झालं: तपासणी अधिक कडक झाली.

घड्याळरावांवर दोन लाल शेरे चढले ते तिसऱ्या वर्षी.

घड्याळराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांची नाव सकाळी पावणेसातला सुटायची म्हणजे सुटायचीच. एक पाय धक्क्यावर आणि एक नावेत असलेला माणूस त्यांनी तसाच अर्धा सोडलेला लोकांनी पाहिलाय. गंमत म्हणजे त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. पलीकडच्या गिरणीचा भोंगा झाला की ते वल्हं उचलत. आयुष्यात नियम न मोडलेला माणूस. पहिला लाल शेरा मिळाला तेव्हा ते दोन दिवस घरी कुणाशी बोलले नव्हते. दुसऱ्यानंतर त्यांनी उतारूंच्या पिशव्या घेणं बंद केलं. डबा आणि छत्री, बास.

त्या सकाळी मावशी पायरीवर बसली, मान खाली घातली, एक डोळा मिटला. पाणी रेघेच्या दोन बोटं वर होतं.

“गेली,” ती म्हणाली.

“मोजा,” घड्याळराव म्हणाले.

“मोजलं. दोन बोटं.”

“पाणी नका मोजू. माणसं मोजा.”

तिने मोजली. गिरणीतले सात जण, दवाखान्यातल्या दोन परिचारिका, एक पोस्टमन, शाळेतले गणिताचे मास्तर, त्यांच्या शाळेची कारकून आणि एक शिंपीण. तेरा. घड्याळराव धरून चौदा. परवान्यावर चौदाच होते.

मावशीची नजर क्षणभर गणिताच्या मास्तरांवर थांबली. मास्तर देहाने भरभक्कम.

“माझ्याकडे काय बघताय?” मास्तर म्हणाले. “सरासरी म्हणजे काय ते मला शिकवू नका. त्या पोस्टमनकडे बघा, तो अर्धाच आहे.”

“पत्रं धरून पाऊण,” पोस्टमन म्हणाला.

सगळे हसले. मावशी हसली नाही. तिने सगळ्यांना उतरवलं. एक परिचारिका घड्याळ बघत कुरकुरली. मावशी रिकाम्या नावेत उतरली, तळाच्या फळ्या उचलून पाहिल्या. पाणी शिरलेलं नव्हतं. फळीखाली दडवलेलं काही नव्हतं. पुन्हा माणसं चढवली. पाणी पुन्हा दोन बोटं वर.

घड्याळराव वल्ह्यावर हात ठेवून उभे होते. भोंगा होऊन गेला होता. त्या नावेला पहिल्यांदाच उशीर झाला होता.

“बाई,” ते म्हणाले, “आकडा तुमच्या हातचा, रेघही तुमच्याच हातची. त्या दोघांचं आपसात पटत नसेल, तर त्यात माझा काय गुन्हा?”

मावशीकडे नियम होता: पाणी रेघेवर गेलं की शेरा. तिने लाल पेन काढलं आणि तिसरा शेरा लिहिला. वही स्वतःकडे घेतली. दुपारी नाव काठावर ओढली गेली, सुकाणूला दोरी बांधून त्यावर लाखेचं सील बसलं. सुनावणीची तारीख चाळीस दिवसांनंतरची लागली. सुनावणीत ती नाव साहेबांसमोर पाहुणे भरून पुन्हा तपासली जाणार होती.

मी तेव्हा शिकायला मावशीकडेच राहत होते, म्हणून पुढचं मला घरातून दिसलं. त्या संध्याकाळी ती ताट पुढ्यात घेऊन बसली आणि जेवली नाही. काका, म्हणजे तिचे यजमान, छापखान्यात मुद्रितं तपासत. चुका शोधणं हा त्यांचा धंदा, आणि विनोदही त्यावरच चालत.

“काय झालं? कुणाचा काना राहिला?”

तिने घड्याळरावांचं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं.

काका घास हातात धरून थांबले. “माणूस हुशार आहे गं. दोन प्रतींत फरक असेल, तर आधी मूळ प्रत बघायची.”

“मूळ प्रत म्हणजे?”

“ते तुला माहीत. मी नावेत बसलो की डोळे मिटून घेतो.”

दुसऱ्या दिवशी ती नावा बांधणाऱ्या सुताराकडून एक फळीचा तुकडा घेऊन आली. नावेचंच लाकूड, दोन महिने उन्हात पडलेलं, नावेसारखंच एका बाजूने डांबर लावलेलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिने तो तोलला: बरोबर दोन किलो. मग मोरीतल्या मोठ्या बादलीत पाणी भरून तो त्यात टाकला, वर एक दगड ठेवला, आणि भिंतीवर पेन्सिलीने तारीख घातली.

“आता अंघोळ लाकडाबरोबर करायची का?” काकांनी विचारलं.

“त्याची झाली की तुमची.”

रोज सकाळी ती फळी बाहेर काढायची, फडक्याने टिपायची, तोलायची, भिंतीवर आकडा लिहायची. दोन किलो चाळीस. दोन किलो पंच्याण्णव. दोन किलो दीडशे. काका दात घासता घासता नवा आकडा वाचत. एकदा म्हणाले, “पोरगी अंग धरतेय.” आकडे हळूहळू चढत गेले आणि एकविसाव्या दिवशी दोन किलो तीनशे चाळीसवर येऊन थांबले. त्यानंतर फळीने पाणी प्यायचं सोडलं.

मावशीने कार्यालयाच्या नोंदवहीतून घड्याळरावांच्या नावेचं कोरडं वजन उतरवून आणलं होतं: सातशे ऐंशी किलो. मोरीच्या उंबऱ्यावर बसून, मांडीवर कागद घेऊन तिने हिशेब केला. नावेने फळीसारखंच पाणी प्यायलं असेल, तर तिचं वजन एकशे तीस किलोच्या आसपास वाढलं.

“किती?” मी विचारलं.

“दोन माणसं,” ती म्हणाली. “दोन माणसं त्या नावेत रोज बसत होती. दिसत नव्हती.”

ज्या दिवशी तिने चौदाचा आकडा लिहिला, त्या दिवशी नाव दोन महिन्यांच्या उन्हाने कोरडीठाक होती. पाण्यात सोडल्यावर लाकूड तीन आठवडे पाणी पीत राहिलं आणि नाव दोन माणसांनी जड झाली. रेघ खरी होती. आकडा खोटा होता. आणि आकडा खोटा होता, कारण तपासणी कोरड्या नावांची करायची ही कल्पना तिची होती. तिच्या टेबलामागे ती चौकटीत लावलेली होती.

“नावाड्यांना हे माहीत नसेल?” मी विचारलं.

“लाकूड पाणी पितं हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे,” मावशी म्हणाली. “मलाही माहीत होतं. फक्त रेघ ओढताना आठवलं नाही.”

काका दारात उभे होते. “आता काय?”

“आता शुद्धिपत्र.”

पण शुद्धिपत्र काढायचं तर पुरावा हवा, आणि पुरावा काठावर वाळत होता. हे तिला त्याच क्षणी कळलं असावं, कारण ती ताडकन उठली आणि कागद पाण्यात पडला. सील लागल्यापासून घड्याळरावांची नाव एकवीस दिवस उन्हात पालथी होती. आणखी एकोणीस दिवसांनी ती साहेबांसमोर पाण्यात सोडतील, पाहुणे भरतील, आणि कोरडी झालेली नाव चौदा माणसं आरामात पेलेल. मग रेघही खरी ठरेल, आकडाही खरा ठरेल, आणि खोटा ठरेल तो नावाडी. दुसरी एखादी चालू नाव तपासून दाखवता आली असती; पण सुनावणी याच नावेची होती, आणि बाकीचे नावाडी आपली नाव पाहुण्यांखाली द्यायला राजी नव्हते. आकडा उतरला तर? नको रे बाबा.

ती साहेबांकडे गेली. साहेब सज्जन माणूस. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, आणि दीड वर्षात काही घडू नये एवढीच इच्छा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भिंतीवरचे आकडे तिने कागदावर उतरवून आणले होते ते पाहिले, आणि खालच्या आवाजात म्हणाले, “बाई, एवढं कशाला? सगळ्या रेघा दोन-दोन बोटं वर घ्या. पांढरा रंगच लागेल. आकडा तोच, नावाडी खूश, आपण खूश.”

“आणि पाणी?”

“पाण्याचं काय?”

“त्याला कोण सांगणार, रेघ सरकली म्हणून?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्या वर्षी मावशीच्या बढतीची फाइल त्यांच्याच टेबलावर होती, आणि हे दोघांनाही माहीत होतं. “मग तुम्हाला नक्की हवंय काय?”

“ती नाव सुनावणीआधी भिजवायची परवानगी.”

“सीलबंद नाव पाण्यावर चालवता येत नाही. नियम तुम्हीच मला पाठ करून दाखवलाय.”

“पाण्यावर चालवता येत नाही,” मावशी म्हणाली. “पाण्याखाली ठेवू नये असं कुठं लिहिलंय?”

साहेबांनी नियमावली उघडली, पान चाळलं, पुन्हा चाळलं. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. बुडवायला परवाना लागत नाही.

त्याच संध्याकाळी ती घड्याळरावांच्या घरी गेली. मी बरोबर होते. दोन खोल्यांचं घर, दाराशी उलटी टांगलेली वल्ही. त्यांच्या बायकोने दार उघडलं आणि दारातच उभी राहिली.

“अगंबाई, तुम्ही! आता काय राहिलंय न्यायचं?”

“न्यायला नाही आले. नाव बुडवायला आले.”

“ती केव्हाच बुडवलीत की. चार माणसांत.”

“ती नव्हे,” मावशी म्हणाली. “लाकडाची.”

आतून घड्याळराव आले. एकवीस दिवसांत दाढी वाढली होती. बसा म्हणाले नाहीत. मावशीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: फळी, काटा, दोन माणसं, चौदाचा आकडा. शेवटी म्हणाली, “तुमचं बरोबर होतं. त्या दोघांचं पटत नव्हतं. खोटं मी लिहिलं होतं.”

आधी बोलली त्यांची बायको.

“म्हणजे परवाना परत मिळणार?”

“मिळायला हवा. पण चौदाचा नाही. बाराचा.”

“घ्या! म्हणजे चूक तुमची आणि दोन माणसं आमची कमी.”

“हो,” मावशी म्हणाली. त्यावर तिने काहीही सारवासारव केली नाही.

“आणि हे साहेबांनी मानलं नाही तर?”

“तर माझं नाव आणि यांची नाव, दोन्ही जातील. पण यांचं नाव तरी तरेल, चूक कुणाची ते लेखी राहील.”

घड्याळराव पहिल्यांदा बोलले. “ती उथळ पाण्यात बुडवायला लागेल. वडाच्या वळणावर. तिथं ओढ नाही.” मग बायकोकडे वळून, “चहा टाक.”

“बाई कुणाकडे चहा घेत नाहीत,” बायको म्हणाली.

“परवाना माझ्या हातात असताना घेत नाही,” मावशी म्हणाली. “नंतर बोलवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वळणावर निम्मी वस्ती जमली. कायदा राखणारी बाई स्वतःच्या देखरेखीत नाव बुडवतेय हे बघायला कोण येणार नाही? नावेत पाहुणे भरले गेले, जोडीमागून जोडी. सुकाणूवरचं सील जसंच्या तसं ठेवून मावशीने त्याला मेणकापड गुंडाळलं. एका जोडीला पाणी कडेवरून आत आलं, नाव हलकेच डावीकडे कलली, आणि मग कुणी दिवसभराच्या कामानंतर खाली बसावं तशी ती बसली. कमरेएवढ्या पाण्यात तिची रेघ पांढरी दिसत राहिली.

“रेघबाईने नाव बुडवलं!” काठावरून कुणीतरी ओरडलं.

“बुडवली,” घड्याळराव पाण्यात उभे राहून म्हणाले. “नाव बुडवली. नीट बोला.”

पुढचे चौदा दिवस मावशी कामावर जाताना वळणावरून जायची. बुडालेली नाव जास्त पाणी पिते, असा आक्षेप कुणी घेईल हे तिने धरलंच होतं. म्हणून सुनावणीच्या चार दिवस आधी नाव वर काढून, पाणी उपसून, दोरीने बांधून तरंगत ठेवली. सुतारही साक्षीला उभा केला.

सुनावणीच्या दिवशी धक्क्यावर टेबल मांडलं. साहेब, वरच्या कार्यालयातून आलेला एक तरुण अधिकारी, घड्याळराव, आणि मागे उतारूंची गर्दी. गणिताचे मास्तर पहिल्या रांगेत होते. ते म्हणाले आपण साक्षीदार आहोत, आणि काही अंशी पुरावाही.

मावशीने आधी सगळेच पाहुणे चढवायला सांगितले. अठ्ठावीस पोती, चौदा माणसं. घड्याळराव स्वतः पोती उचलत होते. शेवटची जोडी ठेवल्यावर नाव डुलून स्थिर व्हायला थोडा वेळ लागला. मावशी पायरीवर बसली. मान खाली नेली. नाव दोन बोटं कमी बुडाली असती, तर तिसरा शेरा खरा ठरणार होता आणि ते वल्हं घड्याळरावांच्या दाराशी कायमचं टांगलेलं राहणार होतं.

“साहेब,” ती तशीच वाकून म्हणाली, “तुम्हीच बघा.”

साहेबांना गुडघ्याचा त्रास. तरुण अधिकारी खाली बसला, त्याने हात पाण्यात घातला आणि रेघेवर बोटं ठेवली. “दोन बोटं वर,” तो म्हणाला.

“शेऱ्यात काय लिहिलंय?”

साहेबांनी वही उघडली. “दोन बोटं.”

मग चार पोती उतरवली. नाव किंचित वर आली आणि पाणी रेघेला येऊन टेकलं, ओठाला कप टेकावा तसं. बारा.

मावशीने खिशातून कागद काढला. घरी काकांनी तो तीनदा तपासून दिला होता. त्यात तिने लिहिलं होतं की गेल्या तीन वर्षांत लाकडी नावांवर जे आकडे चढले ते कोरड्या नावांचे आहेत, ही तपासणीची पद्धत सुचवण्यात तिची चूक झाली, त्या काळात रेघेवरून दिलेले सगळे एकतीस लाल शेरे रद्द व्हावेत, आणि यापुढे नाव तीन आठवडे पाण्यात राहिल्यावरच आकडा लिहावा. शेवटची ओळ अशी: ‘रेघा बरोबर आहेत. त्या हलवू नयेत.’

तरुण अधिकाऱ्याने कागद वाचून विचारलं, “पण याच पद्धतीबद्दल तुम्हाला प्रशस्तिपत्र…”

“परत आणलंय,” मावशी म्हणाली, आणि पिशवीतून चौकट काढून टेबलावर ठेवली.

साहेबांनी परवाना-वही घड्याळरावांच्या हातात दिली. तिन्ही लाल शेऱ्यांवर आडव्या रेघा होत्या आणि चौदाच्या जागी बारा.

मावशीची बढती त्या वर्षी झाली नाही, पुढच्याही वर्षी नाही. सगळ्यांत आधी बिथरले ते बाकीचे नावाडी: चाळीस नावांतून कुणाचा एक माणूस गेला, कुणाचे दोन, कुणाचे तीन. आठवडाभर तिला धक्क्यावर कुणी हाक मारली नाही. मग हळूहळू मारायला लागले, पण नाव बदललं. आता ती रेघबाई राहिली नाही. ती ‘नाव बुडवणारी बाई’ झाली. म्हणणारा प्रत्येक जण हसत म्हणे, आणि प्रत्येकाच्या हसण्यात थोडं वेगळं काही असे. तिला विचारलं तर म्हणायची, “खोटं काय आहे त्यात?”

घड्याळरावांच्या घरचा चहा ती दुसऱ्याच दिवशी पिऊन आली. साखर जास्त होती म्हणाली.

नंतर एकदा तिला पलीकडच्या काठावर तातडीच्या कामाला जायचं होतं. सकाळी आम्ही दोघी धक्क्यावर पोचलो तेव्हा घड्याळरावांची नाव भरत होती. परिचारिका चढली, मागोमाग पोस्टमन. मग गणिताचे मास्तर चढले आणि नाव बऱ्यापैकी खाली बसली. पाणी रेघेला टेकलं. मावशीने पाय उचलला.

घड्याळरावांनी वल्हं आडवं धरलं.

“बारा झाले, बाई.”

“मला घाई आहे हो.”

“सगळ्यांनाच असते.” ते तिच्याकडे बघत नव्हते, गिरणीच्या दिशेने बघत होते. “पुढच्या फेरीला या.”

मावशीने पाय मागे घेतला. पलीकडे भोंगा झाला, वल्हं पाण्यात पडलं, नाव निघाली. मला वाटलं ती चिडेल. पण ती पायरीवर बसली होती, मान वाकडी करून, एक डोळा मिटून, लांब जाणाऱ्या त्या नावेच्या पांढऱ्या रेघेकडे बघत.

“बरोबर आहे,” ती म्हणाली, आणि पिशवीतून चहाची बाटली काढली.